चांदीच्या पाण्याची मिशी

"ह्यो घे केस. आन् आता चिरून दाव."

हौशीरामानं मिशीतला एक लांबसा केस उपटला, डोळ्यांत आलेलं पाणी हसण्यावारी नेलं आन् केस बशीत ठेवून गौतमीपुढं सरकवला. कासुर्डीच्या फाट्यावर सोपानरावाचं हाटेल. तिथं सकाळच्या पारी बसलेली माणसं पेपर मिटून बघायला लागली. हौशीरामानं मिशीला हात घातला की कायतरी बघण्यासारखं होतंय, हे गावाला पाठ होतं.

गौतमी म्हंजी पोपटची थोरली लेक. पुण्याला जंतूंच्या विषयात एम.एस्सी. करत होती. पोपट पाटसच्या साखर कारखान्यात फिटर, आन् हौशीरामाचा पहिलीपासनंचा दोस्त. दोघांची रानं बांधाला बांध लावून. हौशीरामाच्या शेततळ्यातले रोहू-कटला आठवडाभर उलटे होऊन तरंगत होते. अंगावर तांबडे चट्टे, शेपट्या कुरतडल्यागत झडलेल्या. गौतमीनं सकाळी तळं बघितलं आन् सांगितलं, जंतूंचा रोग हाय. औषधबी सांगितलं. कडूलिंबाचा पाला उकळायचा, त्यात चांदीचं मीठ घातलेलं पाणी टाकायचं, की चांदीचे बारीक कण तयार व्हत्यात. ते खाद्यातनं द्यायचे.

"किती बारीक?" हौशीरामानं विचारलं होतं.

"केस उभा चिरून हजार भाग केलं, तरी त्यातला येक भाग जाड ठरंल, मामा. नॅनो म्हणत्यात."

"नॅनो? ती लाखाची गाडी?"

"तिच्यापरीस ल्हान."

त्यावर हा केस बशीत आला होता.

"पोरीला कशाला छळतो," पोपट म्हणाला. "तुला खरं वाटत न्हाई ना? मंग येक केस कशाला, समदी मिशी लाव पैजंवर."

"लावली. लिंबाच्या पाल्यानं मासा बरा झाला तर ही मिशी गावापुढं उतरवीन. न्हाव्याकडनं न्हाई, मेंढराच्या कातरीनं. आन् न्हाई झाला तर तू काय करशील?"

पोपट इचारात पडला. हौशीरामानंच त्याची सोय केली.

"तुझी ती नवी मोटारसायकल हाय. तिच्यावर मागं माझं बकरं बसवायचं. गॉगल लावून. आन् फाट्यापासनं देवळापातुर हिंडवून आणायचं, साहेबाला आणल्यागत."

"सीट फाडंल की ते."

"मंग हारू नको."

सोपानरावानं दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले, वरनं आपला हात ठेवला आन् चहाचे पैसे दोघांकडनंबी घेतले. महिन्याभरात कातरणीचा दिवस येणार होता. हौशीरामाचा चुलतभाऊ आण्णा मेंढरांचा कळप घेऊन कासुर्डीत मुक्कामाला यायचा, देवळापुढच्या पटांगणात मेंढरं कातरायचा आन् पुढं कोकणच्या वाटंला लागायचा. हरणारानं त्याच दिवशी पैज फेडायची, असं ठरलं.

हौशीराम घरी आला तो शीळ घालत. बयाबाई दारात बसून गुडघ्यांना तेल चोळत होती. तिला त्यानं समदं रंगवून सांगितलं, बकऱ्याच्या गॉगलसकट. बयाबाई हसली न्हाई.

"म्हंजी तुमी जिंकला, तर माझं मासं मेलं," ती म्हणाली.

हौशीरामाची शीळ तिथंच थांबली.

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. गावभर दुसऱ्याच्या टोप्या उडवणारा माणूस, कुणाच्या सायकलीला बकरीचं घुंगरू बांधलेलं सापडलं तर लोक थेट ज्याच्या घरी येत, तो शहाणा आपल्याच तळ्याच्या विरुद्ध पैज लावून आला होता. मिशी वाचवायची तर मासे मरायला पायजेत. मासे वाचवायचे तर मिशी जाणार. एवढ्या अवघड जागी त्यानं आजवर दुसऱ्या कुणाला अडकवलं नव्हतं.

आन् तळं काय नुसतं तळं नव्हतं. बयाबाई लग्न होऊन आली तवापासनं दर वरसाला कळपामागनं चालली होती. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, काखंत पोर. आता गुडघे बोलायला लागले होते. दोन वरसांमागं तिनंच हट्ट धरून निम्मी मेंढरं मोडली, उरलेली आण्णाच्या हवाली केली, सरकारी योजनेतनं तळं खणलं आन् त्यात मासे सोडले. "मासं घरी ऱ्हात्यात," ती म्हणायची, "त्यांच्यामागं चालावं लागत न्हाई." पण घोडं मात्र अजून बाभळीला बांधलेलंच होतं. मासे साधले न्हाईत तर पुन्यांदा आण्णाच्या कळपामागं निघायचं, म्हणून ते विकलं नव्हतं. बयाबाई त्या घोड्याकडं कधी सरळ बघायची न्हाई.

"आवो, मिशीचं काय, ती पुन्यांदा यील," ती म्हणाली. "हे गुडघं यायचं न्हाईत."

हौशीराम मिशी कुरवाळत बसला. त्याला इचार करायचा असला की हात आपोआप तिकडं जायचा.

दुसऱ्या दिवशी गौतमीनं तळ्यात जाळीच्या दोन पेट्या सोडल्या, मच्छरदाणीची पोती करावीत तशा. दोन्हींत सारख्याच दुखण्याचे, सारखेच मासे. एका पेटीला तांबडी दोरी, तिला औषधाचं खाद्य. दुसरीला पांढरी दोरी, तिला साधा कोंडा-पेंड.

"समद्या तळ्यालाच का घालत न्हाईस?" बयाबाईनं विचारलं.

"कॉलेजच्या मॅडम घालू देत न्हाईत, मामी. आधी दोन पेट्यांत फरक दिसाय पायजे. तांबडीतलं बरं झालं आन् पांढरीतलं न्हाई, तरच म्हणता यील की औषधानं झालं. मंग समद्या तळ्याला खाद्यातनं देऊ. आन् मॅडमनी तपासल्याबिगर मासा कुणी खायचा न्हाई, इकायचा न्हाई."

औषध रोज ताजं करायचं. गौतमी कॉलेजात, म्हणून ते काम बयाबाईकडं आलं. गौतमीनं पाला किती, पाणी किती, काळ्या बाटलीतलं चांदीचं पाणी किती टोपणं, समदं करून दाखवलं. रबराचे हातमोजे दिले आन् त्यांच्याबद्दल मामीला कायतरी जपून समजावत होती. पण त्या वक्ताला हौशीरामानं त्यातलाच एक मोजा तोंडानं फुगवला होता आन् तो कमरंला धरून, शेळीची कास म्हणून, बांधावरनं हिंडत होता. पोपट हसून हसून खाली बसला. हौशीरामाला गौतमीचं एक अक्षर ऐकू आलं न्हाई.

शेवटचं तेवढं आलं, कारण ते त्याच्याकडं बघून होतं.

"हौशीमामांनी औषधाला हात लावायचा न्हाई. बाटलीलाबी न्हाई."

"का गं? माझ्यावर इस्वास न्हाई?"

"हाय की. तुमी कायतरी करताल यावर पुरा इस्वास हाय."

आठवडा गेला. थंडी अशी पडली होती की सकाळी तळ्यावरनं वाफ निघायची आन् मोट्ठाले मासे सुस्तावून तळाला बसायचे. तांबड्या दोरीच्या पेटीतले चट्टे सुकायला लागले. पांढरीतले तसेच, उलट दोन मासे पांढरे पडून गेले. उघड्या तळ्यातबी रोज एखाद-दुसरा वर यायचा. बयाबाई तो काढून बांधाआड पुरायची आन् हात धुताना पाण्याशीच कायतरी पुटपुटायची.

हौशीराम बघत होता. मिशीचे दिवस भरत आले होते, आन् त्याला बरंबी वाटत होतं. बायकोचं तळं वाचणार. पण आरशात बघितलं की हात मिशीवरनं निघायचा न्हाई. बाप गेला तवा पागुटं थोरल्या भावानं घेतलं होतं, ह्याच्या वाट्याला मिशीची ठेवणच काय ती आली होती. आन् पोपट रोज फाट्यावर विचारायचा, "कातरीला धार लावली का रं?"

दाढी करता करता त्याला सुचलं. सुचलं ते एवढं झ्याक होतं की त्यानं गाल कापून घेतला.

दोन्ही पेट्यांतले मासे बरे झाले तर? मासे तर वाचले. आन् फरकच न्हाई म्हंजी औषधानं झालं असं कोण म्हणणार? पैज आपोआप रद्द. मिशी वाचली, मासे वाचले, बायको खूश. हौशीरामाला आपल्या डोक्याचं लई कौतुक वाटलं. असं डोकं कासुर्डीत दुसरं नव्हतं, आन् ते गावाचं नशीबच म्हणायचं.

दुपारी बयाबाई घास कापायला गेली की हा औषधाला लागायचा. तिचं बघून बघून त्याला समदं पाठ झालं होतं. लिंबाचा पाला उकळला, गाळला, काळ्या बाटलीतनं टोपणं मोजली. हातमोजे काय त्यानं घातले न्हाईत. ते बायकांचं नाजूक काम. बाटलीच्या तोंडाला ओघळ आला तो बोटानं पुसला, बोट मिशीला पुसलं. पाणी फिक्या पिवळ्याचं हळूहळू कडक चहासारखं झालं, तसं त्यानं खुशीत मिशीला पीळ दिला. परत बाटली, परत पीळ.

आता ते द्यायचं कसं? खाद्यात कालवून मासा नीट खातो यावर त्याचा भरवसा नव्हता. जन्म गेला मेंढरांना औषध पाजण्यात. मेंढरू पायांत धरायचं, तोंड वर करायचं, वेळूच्या नळीनं घशात ओतायचं, गिळलं की सोडायचं. मासा म्हंजी बिनलोकरीचं मेंढरूच. त्यानं पांढऱ्या पेटीतला एक रोहू धरला, काखंत दाबला, तोंड वर केलं आन् नळी लावली.

"पी राजा," तो म्हणाला.

राजानं शेपटी फिरवली. ती हौशीरामाच्या थोबाडावर अशी बसली की नळी एकीकडं, हा एकीकडं, आन् रोहू परत पेटीत. बायकोच्या हातची त्यानं कधी खाल्ली नव्हती, ती आज माशाच्या हातची खाल्ली. आजूबाजूला कुणी न्हाई हे बघून त्यानं गाल चोळला, आन् मुकाट्यानं औषध कोंडा-पेंडीत कालवलं. माशांनी ते मिटक्या मारत खाल्लं.

असं रोज चाललं. पांढऱ्या पेटीतलेबी चट्टे सुकले.

आन् एका सकाळी सोपानराव चहा देता देता थांबला.

"हौशीराम, मिशी काळी कशी रं झाली?"

हौशीरामानं हाटेलातल्या आरशात बघितलं. खरंच की. परवापातुर निम्मी पिकलेली मिशी चक्क काळीभोर, वर जांभळट झाक. ओठाच्या वरची कातडीबी सावळली होती. त्याला कळलं कायबी न्हाई, पण न कळलेली गोष्ट लोकांना सांगायला त्याला कधीच अडचण आली नव्हती.

"लिंबाच्या पाल्याचा रस," तो म्हणाला. "सकाळी अनशापोटी. शरीर उलटं फिरतंय."

दोघा-तिघांनी त्याच दिवशी लिंबाचा रस प्यायला आन् दिवसभर थुंकत बसले. हौशीरामाला वाटलं, बकऱ्याची गंमत हुकली तरी ही काय वाईट न्हाई. बोटंबी काळी पडली होती, त्याला मोटारीचं ग्रीस म्हणून सांगितलं. साबण लावला, राख लावली, दगड घासला. जाईना. बयाबाई बघायची, पर बोलायची न्हाई. ती बोलली न्हाई की हौशीरामाला जास्त भ्या वाटायचं.

कातरणीच्या आदल्या दिवशी गौतमी आली. तळ्याच्या बांधावर पोपट, सोपानराव आन् निम्मं गाव. आण्णाबी आला होता, त्याचा कळप पटांगणात उतरला होता. आधी तांबडी पेटी वर काढली. मासे चकचकीत. माणसांनी वा वा केलं. पोपटनं दोन बोटांची कातर करून हवेत चालवली.

मंग पांढरी काढली. तेबी चकचकीत.

पोपटची बोटं थांबली. हौशीरामानं डोळे मोठ्ठे केले. हे त्यानं आरशापुढं करून बघितलं होतं.

"आरं तिच्या," तो म्हणाला. "हे तर बिनऔषधाचं बरं झालं. पैज बरोबरीत सुटली म्हणायची. मिशीबी राहू द्या, बकरंबी राहू द्या. चला, च्या घिऊ."

गौतमी मासा हातात घेऊन उलटसुलट बघत होती. तिचा चेहरा उतरला होता.

"मॅडम म्हणतील, थंडीनं रोग दबला, आपोआप बरं झालं," ती हळू म्हणाली. "फरकच न्हाई. औषध फुकट गेलं."

"जाऊ दे की पोरी. मासं तर बरं झालं. आता समद्या तळ्याला घाल."

"कशाला घालू, मामा? औषधानं कायच व्हत न्हाई असं दिसलंय. बाटल्या परत न्यायला लागत्याल."

हौशीराम हसत होता तो तसाच राहिला, नुसते दात उघडे. हा फाटा त्याच्या झ्याक डोक्यात कुठं आलाच नव्हता. बांधाच्या खाली उघड्या तळ्यात एक कटला पोट वर करून हळूहळू फिरत होता. बयाबाई त्याच्याकडं बघत होती. आण्णा खाकरला.

"बया, मंग यंदा चालणार का संगट? उद्या कातरलं की निघायचं. घोडं हायच तुमचं."

बयाबाईनं पदर खोचला. ती नवऱ्याकडं वळली.

"आवो, तुमचं हात दावा पोरीला."

"कशाला? ग्रीस हाय ते."

"दावा."

हौशीरामानं हात पुढं केले. गौतमीनं त्याची बोटं बघितली, मंग मान वर करून मिशी बघितली. मंग आपला उजवा हात त्याच्या हाताशेजारी धरला. तिच्या एका बोटाच्या टोकाला तसाच काळा डाग होता.

"मामा, ही चांदी हाय," ती म्हणाली. "बाटलीतलं पाणी कातडीला लागलं आन् ऊन पडलं की असं काळं व्हतंय. म्हणून मामीला हातमोजं दिलं. तवा तुमी शेळीची कास करत होता."

बांधावर कुणी हसलं न्हाई, कारण गौतमी हसत नव्हती.

"पांढऱ्या पेटीला घातलं ना तुमी?"

हौशीराम मिशीकडं हात नेता नेता थांबला. मिशीच चुगली करून बसली होती, तिला कुरवाळून काय उपयोग.

"घातलं," तो म्हणाला. "मापात घातलं पण. बयीचं बघून."

"माझं महिन्याचं काम गेलं, मामा. तुमाला गंमत वाटली."

हौशीरामानं हात मागं लपवले. एवढ्यात बयाबाई बांधावरनं खाली उतरली, गुडघा धरून, तिरकी तिरकी. तिनं पाण्यातनं तो पोट वर केलेला कटला उचलला आन् वर आणला. अंगभर तांबडे चट्टे.

"पोरी, ह्याला कुणी औषध दिलं न्हाई," ती म्हणाली. "ह्या माणसानंबी न्हाई. पाणी तेच, थंडी तीच. त्या दोन पेट्यांतलं बरं झालं आन् बाहेरचं हे असं. हा फरक न्हाई व्हय?"

गौतमीनं मासा घेतला. चट्टे एकेक करून तपासले. मंग पर्समधनं मोबाईल काढला आन् बाभळीखाली, घोड्यापाशी जाऊन मॅडमशी बोलली. माणसं लांबनं तिच्या मानंकडं बघत होती. मान आधी खाली होती, मंग डोलली.

परत आली ती म्हणाली, "कॉलेजासाठी हे चालायचं न्हाई. ते मला पहिल्यापासनं करायला लागंल. पण तळ्याला औषध घाला म्हणल्या मॅडम. आजपासनं." आन् हौशीरामाकडं बघून, "पुढच्या टायमाला तुमी तळ्यावर पाय ठेवायचा न्हाई. फाट्यावर बसायचं. सोपानमामा, ध्यान ठेवा."

"च्या उधार द्यायला लागंल मंग," सोपानराव म्हणाला, आन् तवा कुठं बांध हसला.

"म्हंजी पैज कोण हारलं?" पोपटनं विचारलं.

"तूच सांग की, फिटर," हौशीराम म्हणाला. "दोन पेट्या बऱ्या करून दिल्यात तुला. मिशी तर तू येकीवरच मागितली होतीस."

दुसऱ्या दिवशी पटांगणात मेंढरं धुऊन उभी होती. रीतच हाय, धुतल्याबिगर कातरत न्हाईत. म्हणून पोपटनं हौशीरामालाबी मेंढरांच्या रांगंत उभं केलं आन् डोक्यावर बादली ओतली. बाजारचा दिवस, पुण्या-सोलापूरची एस.टी. फाट्यावर थांबलेली, त्यातली माणसंबी उतरून आलेली. न्हाव्यानं पुढं व्हायला बघितलं तर बयाबाईनं आण्णाच्या हातनं कातर घेतली.

"मेंढरू माझं हाय," ती म्हणाली.

हौशीराम मेंढरागत पाय दुमडून बसला आन् एकदा बारीक बें बें केलंबी. बयाबाईनं हनुवटी धरून तोंड वर केलं. कातर दोनदा वाजली. बापाच्या ठेवणीची मिशी लोकरीच्या ढिगावर पडली. काळीभोर, जांभळट झाक मारणारी.

आन् पटांगण हसून फुटलं. मिशी गेली होती, पर मिशी तिथंच होती. ओठावरच्या कातडीवर चांदीनं तिची अक्खी सावली काढून ठेवली होती, दोन्ही टोकांच्या पिळासकट. बयाबाईनं ओला पदर घासला. हलंना.

"कवा जाईल गं?" तिनं गौतमीला विचारलं.

"कातडी निघंल तशी जाईल, मामी. तवर ऱ्हाईल."

"मिशी उतरवायची होती," हौशीराम उठून उभा राहत म्हणाला. "मी उतरवली. आता ती जात न्हाई त्याला मी काय करू?"

आन् सवयीनं त्यानं पीळ द्यायला दोन बोटं वर नेली. हवेलाच पीळ दिला. तवा पोपट त्याच्या गळ्यात हात टाकून इतका हसला की दोघंबी लोकरीत बसले.

आण्णा कळप आवरत होता. जाताना त्यानं परत बयाबाईकडं बघितलं. बयाबाई बाभळीचं घोडं सोडून घिऊन आली आन् दोर आण्णाच्या हातात दिला.

"घिऊन जावा, आण्णा. बसून बसून खातंय. तुमच्या तरी बिऱ्हाडाला व्हईल."

मंग कोंड्याची पाटी डोक्यावर घेऊन ती तळ्याकडं चालायला लागली, गुडघा धरत, तिरकी तिरकी. हौशीरामानं चार पावलं तिच्या मागं टाकली.

"तुमी फाट्यावर," ती मागं न बघता म्हणाली.

तो फाट्यावर जाऊन बसला.